मोकळे झालेले घाट

सह्याद्रीच्या अंगावर नवा रस्ता तयार झाला की त्याच्या शेजारी एक जुना रस्ता शिल्लक राहतो, आणि त्या शिल्लक राहिलेल्या रस्त्याचे पुढे काय करावयाचे याचा स्वतंत्र विचार आपल्या सरकारी दप्तरात झालेला जाणवत नाही. सातवाहनांच्या काळी जकात भरून व्यापाऱ्यांचे तांडे ज्या नाणेघाटाने जुन्नरकडे चढत, त्या घाटाची रहदारी कालांतराने अन्य वाटांकडे वळली, आणि आज तेथे शिलालेख व दगडी रांजण पाहण्यास लोक जातात. १८३० सालच्या नोव्हेंबर महिन्यात मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी चढली. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला, ज्यावर सायकलीस प्रवेश नाही. आणि माल्कमसाहेबांच्या काळी बांधलेला, पुढे अमृतांजन पूल या नावाने सर्वांस ठाऊक झालेला दगडी पूल २०२० सालच्या एप्रिल महिन्यात सुरुंग लावून पाडण्यात आला. त्या पुलाचे खांब खालच्या रहदारीस अडथळा करीत होते, हे मला मान्य आहे, आणि अपघातांत माणसे दगावत असताना दगडांचा कैवार घेणे मला प्रशस्त वाटत नाही. परंतु जुन्या रस्त्याचा प्रश्न आपल्यापुढे नेहमी त्याच्या अखेरच्या घटकेलाच उभा राहतो. तो रस्ता ज्या दिवशी अवजड रहदारीतून मोकळा होतो त्या दिवशी त्याचा विचार व्हावा, असे मात्र कोणाला वाटत नाही.

असे मोकळे झालेले आणि मोकळे होऊ घातलेले घाट आज एकदोन नाहीत. पुण्याच्या दक्षिणेस कात्रजचा जुना घाट आहे. साताऱ्याकडे जाणारी अवजड रहदारी खालच्या नव्या बोगद्याने जाऊ लागल्यापासून त्या घाटाच्या वळणांवर पहाटेच्या वेळी मोटारींपेक्षा सायकलीच अधिक दिसतात. पोलादपूर आणि खेड यांच्यामध्ये कशेडीच्या डोंगराला सुमारे दोन किलोमीटरांचा बोगदा पडला आहे, आणि ज्या घाटाने मुंबईच्या चाकरमान्यांच्या कित्येक पिढ्यांना गणपतीस गावी पोचवले, तो घाट एकाकी पडत चालला आहे. खंबाटकीच्या डोंगरातही नवे जोडबोगदे खोदण्यात आले आहेत. या रस्त्यांना यापुढे दोनच भवितव्ये संभवतात, असे आपण गृहीत धरून चाललो आहोत: एक तर ते दरडींखाली आणि रानाखाली हळूहळू बुजून जावेत, नाहीतर त्यांच्या कडेची जमीन विकली जाऊन त्यांच्या माथ्यावर हॉटेले आणि बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहाव्यात. माझे म्हणणे असे आहे की तिसरे एक भवितव्य आहे, ते सर्वांत कमी खर्चाचे आहे, आणि त्यात रस्त्याचा मूळ धर्म शाबूत राहतो: हे घाट सायकलीच्या दीर्घ प्रवासासाठी राखून ठेवावेत, त्यांची तशी नोंद व्हावी, आणि त्यांची देखभाल त्या नोंदीबरहुकूम व्हावी.

सायकलीवरून दूरचा मुलूख पाहण्यास निघणे ही आपल्याकडे कालपरवा आलेली हौस नव्हे. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, आणि त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ साली ती पुरी करून परत आले. आज पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात सायकलस्वारांची मंडळे आहेत, आणि दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे किलोमीटर चाळीस तासांत, अशा मुदतीच्या सफरी पुऱ्या करणारे स्त्रीपुरुषही आहेत. त्यांच्या चिकाटीविषयी मला आदर आहे. तथापि घड्याळाशी बांधलेली सफर आणि मुलूख पाहण्यासाठी केलेला प्रवास यांत भेद आहे, आणि मी ज्या प्रवासाची बाजू मांडत आहे तो दुसऱ्या जातीचा आहे: ज्यात मागच्या कॅरिअरच्या दोन्ही अंगांस कपड्यांच्या पिशव्या लटकावलेल्या असतात, दुपारी पाराखाली टेकण्यास वेळ असतो, आणि संध्याकाळी जेथे पोचू तेथे भाकरी मिळेल एवढाच भरवसा पुरेसा असतो.

आता अशा प्रवासाला जुना घाटच का लागतो, नवा प्रशस्त रस्ता का चालत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण या विषयाचे मर्म तेथेच आहे. जुन्या घाटांची आखणी झाली ती बैलगाडी डोळ्यांसमोर ठेवून. भरलेली गाडी ओढणाऱ्या बैलजोडीला जो चढ दमानदमाने चढता येईल तोच चढ रस्त्याला द्यावयाचा, आणि डोंगर त्याहून उभा असेल तर रस्ता लांबवावयाचा, वळवावयाचा, पुन्हा उलटा फिरवावयाचा, परंतु चढ वाढवावयाचा नाही, ही त्या आखणीची शिस्त होती. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांतही डोंगराळ प्रदेशातील रस्त्यास सामान्यतः वीसास एक, म्हणजे वीस मीटर पुढे जाताना एक मीटर वर, एवढाच चढ असावा असे सांगितले आहे. पाचगणीहून पसरणीच्या घाटाने वाईस उतरणाऱ्याने हिशेब करून पाहावा: सुमारे साडेपाचशे मीटरांचा उतार बारा-तेरा किलोमीटरांत पसरलेला आहे, म्हणजे प्रमाण बावीस-तेवीसास एक या घरात येते. माणूस, सायकल आणि सामान मिळून नव्वद किलो वजन धरले, आणि ताशी आठ किलोमीटर अशी सावकाश गती धरली, तर वीसास एक या चढावर शरीराला सुमारे शंभर वॅट एवढी शक्ती सतत खर्चावी लागते. आणि ही शक्ती मध्यम वयाचा, निरोगी, थोडासा सराव असलेला कोणीही मनुष्य दोन-तीन तास देऊ शकतो. तोच चढ दहास एक झाला की मागणी जवळजवळ दुप्पट होते, आणि तेथे सराईत पहिलवानाखेरीज इतरांना खाली उतरून सायकल ढकलावी लागते. चढाच्या या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजेच सर्वसामान्य माणसाला सह्याद्री खुला असणे आणि बंद असणे यांमधील अंतर होय.

जुन्या आखणीचा आणखी एक बारकावा असा, की तीव्र वळणावर गाडीला अधिक जोर लागतो म्हणून तेथे चढ मुद्दाम सौम्य केलेला असतो. घाटात पहिल्यांदाच सायकल चालवणारा नवखा मनुष्य समोरचे वळण पाहून धास्तावतो. पण वळणाच्या बाहेरच्या कडेने आला तर त्याला असे आढळते की पायडलावरचा भार कमी झाला आहे, श्वास थोडा जागेवर येत आहे, आणि वळण संपते तेथे पुढचा टप्पा चढण्याची ताकद त्याच्यापाशी आहे. ज्यांनी ही वळणे आखली त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, पण त्यांनी दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी बैलांवर केलेली दया आज सायकलस्वाराच्या गुडघ्यांना पोचते, असे मला प्रत्येक घाटात वाटते.

याच्या उलट, रस्ता सरळ करण्याचा जो सोस आपल्या बांधकाम खात्यांना लागला आहे, त्यात डोंगर कापून वळणे काढली जातात. दोन ठिकाणांच्या उंचीतला फरक बदलत नाही, अंतर मात्र घटते. मग चढ वाढतो, हे साधे भूमितीचे सत्य आहे. मोटारीच्या इंजिनाला ते जाणवत नाही. शिवाय डोंगराची बाजू उभी कापल्यामुळे दरडी सैल होतात, झाडी जाते, आणि चढणाऱ्याला ज्या सावलीचा आधार असतो ती सावलीही जाते. म्हणून, जेथे मोठ्या रहदारीसाठी वेगळा रस्ता झालेला आहे, तेथे जुन्या रस्त्याचे रुंदीकरण म्हणजे दुहेरी नुकसान: खर्च सरकारी तिजोरीचा, आणि हानी अशा वस्तूची की जी पुन्हा निर्माण करता येत नाही.

या प्रदेशात सायकलीने फिरू इच्छिणाऱ्याला मी एक फेरी सुचवीन, आणि तीवरूनच माझे म्हणणे अधिक स्पष्ट होईल. पुण्याहून भोरला यावे. पंतसचिवांच्या या जुन्या संस्थानी गावात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी नीरा देवघर धरणाच्या जलाशयाच्या काठाकाठाने वरंध घाटाकडे निघावे. जलाशयाकाठचा हा रस्ता लांबून सपाट भासतो, परंतु तो प्रत्येक ओहोळापाशी आत वळतो, उतरतो, मोरी ओलांडतो आणि पुन्हा चढतो, आणि घाटाच्या माथ्यावर पोचेपर्यंत या लहान चढउतारांनीच माणूस निम्मा दमलेला असतो. माथ्यावर कावळ्या किल्ल्याची सोंड फोडून रस्ता काढलेला आहे. जवळच वाघजाईचे देऊळ आहे, आणि तेथील टपऱ्यांतून गरम भजी आणि चहा मिळतो. खाली माझेरीकडे उतरताना रस्ता दरीच्या कडेकडेने वळसे घेत जातो, आणि पाण्याच्या धारांनी डांबरावर आणून टाकलेली वाळू व बारीक खडी वळणाच्या नेमक्या आतल्या बाजूस साठलेली असते, जेथे सायकलीचे चाक झुकते. हा उतार ब्रेक सतत दाबून उतरू नये. थोडा दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा, आणि दर दोन-चार वळणांनंतर थांबून चाकाच्या कड्यावर हात ठेवून पाहावा. कडे हाताला चटका देत असेल तर सावलीत उभे राहावे, दरीकडे पाहावे, आणि ते निवल्यावरच निघावे.

महाडला रात्र काढून पोलादपुराहून आंबेनळी घाट चढावयाचा, तो या फेरीचा कळस. समुद्रसपाटीपासून फारसे उंच नसलेल्या पोलादपुरापासून साडेतेराशे मीटरांवरच्या महाबळेश्वरापर्यंत हा रस्ता सुमारे चाळीस किलोमीटर जातो, म्हणजे सरासरीने तीसास एक इतकाच चढ पडतो; आणि म्हणूनच, नकाशात पाहताना छाती दडपून टाकणारा हा घाट प्रत्यक्षात ज्याला घाई नाही त्या प्रत्येकाला चढता येतो. प्रारंभी भातखाचरे, मग साग आणि ऐनाची झाडी, मग सावित्रीच्या दरीचा विस्तार, पुढे कुंभरोशीपाशी प्रतापगडाकडे जाणारा फाटा, आणि त्यानंतर वाऱ्याचा स्पर्शच बदलतो. मोटारीतून हाच घाट तासाभरात होतो, आणि तासाभरात हवेतला हा पालट कळत नाही. महाबळेश्वरहून पाचगणी, पसरणी, वाई, आणि वाईहून मांढरदेवीचा घाट चढून पुन्हा भोर, अशी ती फेरी मिटते. कोल्हापूरकडच्या मंडळींसाठी गगनबावडा आहे, जेथून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट वेगवेगळ्या अंगांनी कोकणात उतरतात, म्हणजे एकाने उतरून दुसऱ्याने चढता येते.

या फेरीतले वरंध आणि आंबेनळी हे घाट मोकळे झालेले नाहीत, हे येथे सांगितले पाहिजे. त्यांना पर्यायी रस्ता नाही. पलीकडच्या गावांतला आजारी मनुष्य, बाजाराला निघालेला शेतकरी, परीक्षेला जाणारा विद्यार्थी, सर्वांची मदार त्याच अरुंद डांबरी पट्ट्यावर आहे, आणि पावसाळ्यात दरड कोसळून तो बंद झाला की त्यांची कोंडी होते. अशा घाटांचे मजबुतीकरण आणि आवश्यक तेथे रुंदीकरण व्हावे याला विरोध करण्याचा अधिकार शहरातून चार दिवस हवापालटासाठी येणाऱ्या कोणाही प्रवाशाला नाही, असे मी मानतो. माझा आग्रह अशा घाटांबाबत एवढाच आहे की रुंदी वाढवताना वळणे तोडून चढ वाढवू नये. मोकळ्या झालेल्या घाटांची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे वेगाची गरज बोगद्याने भागवली आहे. कोणाच्याही हिताला बाध न आणता तो रस्ता संथ प्रवासाला देता येतो.

आणि संथ प्रवासाचा लाभ प्रवाशाइतकाच वाटेवरच्या गावांना आहे. कशेडीच्या जुन्या घाटात काय किंवा अन्यत्र काय, रस्त्याकडेच्या चहाच्या हॉटेलांवर, वडापावच्या गाड्यांवर, पंक्चर काढणाऱ्यांच्या दुकानांवर कित्येक कुटुंबांचा चरितार्थ चालत असतो, आणि बोगदा सुरू झाला की तो चरितार्थ विनानोटीस बंद पडतो. बोगद्याच्या अंदाजपत्रकात भूसंपादनाच्या मोबदल्याची तरतूद असते. ज्याची जमीन गेली नाही पण गिऱ्हाईक गेले, त्याच्यासाठी रकाना नसतो. सायकलस्वार हे ते गिऱ्हाईक संपूर्णपणे परत आणील असे मी म्हणत नाही. पण मोटारीतला प्रवासी जो घाट न थांबता पार करतो, त्या घाटात सायकलस्वार दोनदा चहा घेतो, एकदा जेवतो, पाण्याच्या बाटल्या भरून घेतो, आणि पुष्कळदा रात्रही काढतो. आणि त्याचा पैसा थेट घरमालकिणीच्या हाती पडतो, कारण त्याला लागते ते पिठले-भाकरी, न्हाणीघर, अंग टाकण्यापुरती पडवी आणि सायकल आत ठेवण्यास जागा, एवढेच. यासाठी मोठ्या भांडवलाची गरज नाही. कृषी पर्यटनाच्या नावाने जी घरे आज शहरी पाहुण्यांची सोय करतात, त्यांतली पुष्कळशी अशाच पडवीतून वाढलेली आहेत.

शिवाय या रस्त्यांवर सायकल चालवण्याचा पहिला हक्क प्रवाशाचा नव्हेच. मानव विकास कार्यक्रमाखाली आपले सरकार मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली देते, आणि सरकारच्या ज्या योजनांविषयी मनात निखळ समाधान वाटते त्यांपैकी ही एक आहे. परंतु सायकल मिळालेली मुलगी ज्या रस्त्याने शाळेत जाते त्याची साइडपट्टी कशी आहे, हे कोणी पाहतो काय? डांबराचा थर दरवेळी जुन्या थरावर चढवला जातो आणि साइडपट्टी भरली जात नाही, त्यामुळे रस्त्याची कड वीतभर उंच होऊन बसते. मागून ट्रकने भोंगा दिला की त्या मुलीला त्या कडेवरून खाली उतरावे लागते, आणि चाक आडवे गेले तर ती पडते. गतिरोधकांची रांग, मोरीजवळचा खचलेला भाग, सीलकोटच्या नावाखाली पसरून ठेवलेली सुटी खडी, हे सारे चारचाकीत बसलेल्या अभियंत्याला किरकोळ वाटते, कारण त्याच्या चाकाला ते किरकोळच असते. सायकलीच्या प्रवासासाठी म्हणून जी डागडुजी मी मागत आहे ती प्रत्यक्षात या मुलीसाठी आधी आहे. घाटरस्ता सायकलीस योग्य झाला म्हणजे तो पायी जाणाऱ्यास, दुधाचे कॅन लावून निघालेल्या गवळ्यास आणि मेंढरे घेऊन घाट चढणाऱ्या धनगरासही योग्य होतो.

जुने रस्ते राखावयाचे म्हणजे ते आहेत तसे सोडून द्यावयाचे, असा अर्थ कोणी करू नये. २०१६ सालच्या ऑगस्ट महिन्यात महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल पुराच्या रात्री कोसळला, एसटीच्या दोन बसगाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या, आणि त्या पुलावर विश्वास टाकून निघालेली माणसे परतली नाहीत. तो पूल १९२८ सालचा होता आणि त्यावरून महामार्गाची अवजड रहदारी चालू होती. या दुर्घटनेवरून जुने ते सारे धोक्याचे, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मला तीत दिसते ते हे, की जुन्या बांधकामावर नवा भार टाकीत राहणे आणि त्याच्याकडे पाहावयास माणूस न ठेवणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे अनर्थ होतो. अवजड वाहनांना मज्जाव केलेला घाट, नियमाने तपासलेल्या मोऱ्या आणि कठडे, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत स्थानिक अधिकाऱ्याच्या हुकमाने बंद होणारी फाटके, एवढा बंदोबस्त असला तर जुना घाट पुष्कळ वर्षे निर्धास्तपणे वापरता येईल.

परदेशांत या दिशेने जे झाले त्यातून शिकण्यासारखे आहे. इंग्लंडात १८७८ साली स्थापन झालेल्या सायकल प्रवाशांच्या संस्थेने धोक्याच्या उतारांच्या माथ्यावर स्वतःच्या खर्चाने सूचनाफलक उभारले, आणि ते मोटारगाड्या रस्त्यावर येण्यापूर्वी. फ्रान्समध्ये पॉल द व्हिव्ही या सेंत-एत्येनच्या गृहस्थाने, डोंगराळ मुलखात सामान्य माणसाला सायकल चालवता यावी म्हणून गिअर बदलणाऱ्या यंत्राचा पुरस्कार आयुष्यभर केला, तर टूर द फ्रान्स या शर्यतीत अशा यंत्रास १९३७ पर्यंत परवानगी नव्हती. शर्यतीचा विचार आणि प्रवासाचा विचार यांतले अंतर यावरून ध्यानात येईल. परंतु आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण स्वित्झर्लंडचे आहे. त्या देशाने १९९८ साली नऊ राष्ट्रीय सायकलमार्ग जाहीर केले, आणि ते करताना बव्हंशी नवे रस्ते बांधले नाहीत. असलेल्या शांत रस्त्यांची निवड केली, त्यांना क्रमांक दिले आणि प्रत्येक फाट्यावर पाटी लावली. आपल्याकडे शहरांतून लाखो रुपये खर्चून जे सायकलमार्ग बांधले गेले, त्यांपैकी पुष्कळांवर आज दुकानांची मांडणी आणि मोटारींचा तळ आहे. डोंगरात तर मार्ग बांधावयाचाही नाही. तो आपल्या पूर्वजांनी बांधून ठेवलेला आहे.

रस्त्यांची वर्गवारी ही आपल्या प्रशासनाला अपरिचित बाब नाही. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीमुळे देशाच्या रस्त्यांसाठी स्वतंत्र निधी उभा राहिला, आणि १९४३ साली आपल्या नागपुरात भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने राष्ट्रीय मार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हा मार्ग, ग्राममार्ग अशी जी श्रेणी ठरवली, तिच्यावर आजतागायत आपली अंदाजपत्रके चालतात. रस्ता कोणत्या श्रेणीत आहे यावर त्याला डांबर मिळणार की नाही हे ठरते. म्हणून जो रस्ता कोणत्याच श्रेणीत धड बसत नाही, जो काल महामार्ग होता आणि आज कोणाचाच नाही, त्याचा वाली कोणी उरत नाही. राज्य शासनाने यासाठी एक नवी श्रेणी निर्माण करावी, मोकळ्या झालेल्या घाटांची यादी सार्वजनिक बांधकाम खात्याकडून मागवावी, आणि त्या श्रेणीतील रस्त्यांचा चढ व रुंदी बदलण्यास मंत्रिमंडळाच्या मंजुरीवाचून मज्जाव करावा. कात्रज आणि कशेडी या दोन घाटांपासून आरंभ करता येईल. खंबाटकीचा निर्णय तर आताच, रस्त्याकडेच्या जमिनींचे व्यवहार होण्यापूर्वी व्हावयास हवा.

त्याच्या जोडीला दोन गोष्टी अगदी अल्प खर्चात होण्यासारख्या आहेत. बांधकाम खात्याची विश्रामगृहे घाटांच्या माथ्याशी आणि पायथ्याशी जागोजागी आहेत. ती सरकारी अधिकाऱ्यांच्या दौऱ्यासाठी आहेत हे खरे, पण वर्षातील पुष्कळ दिवस त्यांच्या खोल्यांना कुलूप असते आणि खानसामा बसून असतो. रिकामी खोली सायंकाळनंतर सायकलीने आलेल्या प्रवाशाला माफक भाड्याने द्यावी, असा हुकूम काढण्यास एका परिपत्रकापेक्षा अधिक काही लागणार नाही. विशेषतः एकट्या किंवा दुकट्याने निघालेल्या स्त्रियांना अशा सरकारी आसऱ्याचे मोल किती आहे, ते त्यांनाच विचारावे. तसेच एसटीच्या टपावर पूर्वी सायकल चढवून नेता येत असे, ती सोय घाटरस्त्यांच्या काही ठरावीक फेऱ्यांना तरी पुन्हा करून द्यावी, म्हणजे ज्याचे गुडघे साथ देत नाहीत त्याला चढ एसटीने आणि उतार सायकलीने करता येईल.

मात्र या सर्वांहून मला अधिक आवश्यक वाटते ते मैलकुलीचे पद. एके काळी प्रत्येक घाटाचा ठरावीक तुकडा एकेका मैलकुलीच्या ताब्यात असे. तो त्याच परिसरातला माणूस असे, फावडे-टोपले घेऊन रोज तो तुकडा चालून जात असे, चर मोकळे करी, कोसळलेला दगड बाजूला लोटी, खड्डा लहान असतानाच बुजवी, आणि कोणत्या वळणावर पाणी रस्त्यावर येते हे अंदाजपत्रक करणाऱ्या साहेबाला सांगू शकत असे. पदे भरणे हळूहळू थांबले, कामे ठेकेदाराकडे गेली, आणि ठेकेदार पावसाळ्यानंतर एकदा येतो. मोकळ्या झालेल्या घाटावर अवजड वाहने नसल्याने त्याला दरवर्षी नवे डांबर लागणार नाही; त्याला लागणार आहे तो रोज पाहणारा डोळा. बोगद्यामुळे ज्यांची चहाची हॉटेले बसली त्या कुटुंबांतल्या तरुणांना या जागांवर प्राधान्याने नेमावे, प्रत्येकाकडे पाच-सहा किलोमीटरांचा घाट द्यावा, त्याला गणवेश, सायकल आणि नियमित वेतन द्यावे, आणि त्याच्या तुकड्यावर कोठे पाणी मिळते, कोठे मुक्काम होतो, याची माहिती प्रवाशाला देण्याचे कामही त्याच्याकडेच सोपवावे. येत्या अर्थसंकल्पात कशेडीच्या घाटापुरती जरी अशी पदे मंजूर झाली, तरी पुढच्या पावसाळ्यापूर्वी तेथले चर साफ झालेले असतील.